पडद्यावरचे बुद्धिबळ



आपल्याकडे बुद्धिबळाचा पट पूर्वी देवळाच्या ओट्यावर नाहीतर वाड्याच्या पडवीत मांडला जात असे. खेळणारे दोघे आणि सल्ला देणारे दहा. दुपारी सुरू झालेला डाव दिवेलागणीपर्यंत चालला तरी कुणाला घाई नसे. आता हा पट खिशात आला आहे. गावातला मुलगा मोबाइल उघडतो आणि मिनिटभरात नॉर्वेतल्या किंवा ब्राझीलमधल्या एखाद्या अनोळखी माणसाशी खेळू लागतो. पाच-सहा मिनिटांत डाव आटोपतो. हरला की दुसरा, जिंकला की तिसरा. याला ऑनलाइन बुद्धिबळ म्हणतात.

त्यावर पालक दोन प्रकारे बोलतात. एक म्हणतो, "यानं पोरगं हुशार होईल." दुसरा म्हणतो, "अहो, हा मोबाइलचाच नाद. नाव तेवढं बुद्धिबळाचं." दोघांच्या म्हणण्यात थोडं थोडं तथ्य आहे. पण निवाडा करण्याआधी या खेळातला सर्वांत मोठा गडी पडद्यावर कसा खेळतो, त्याचे कोठे साधते आणि कोठे चुकते, हे आपण पाहू. मग आपल्या मुलांना काय सांगायचे ते आपोआप कळेल.

हा गडी म्हणजे नॉर्वेचा मॅग्नस कार्लसन. जन्म १९९० चा. वयाच्या तेराव्या वर्षी, २००४ साली, तो ग्रँडमास्टर झाला. २०१३ मध्ये चेन्नईत आपल्या विश्वनाथन आनंदला हरवून तो जगज्जेता झाला आणि २०२३ पर्यंत ते पद त्याच्याकडे होते. तेही त्याने कुणाकडून हरून गमावले नाही. पुन्हा त्या पदासाठी खेळायचे नाही, असे २०२२ मध्ये त्याने स्वतःच जाहीर केले. मे २०१४ मध्ये त्याचे गुणांकन २८८२ वर गेले होते. एवढ्या उंचीवर त्याच्याआधी कोणीही पोहोचले नव्हते.

आता वेळेचा हिशेब समजून घेऊ. जुन्या पद्धतीच्या स्पर्धेत एका खेळाडूला दीड-दोन तास किंवा त्याहूनही जास्त वेळ मिळतो. जलद डावात पंधरा मिनिटे आणि प्रत्येक चालीमागे दहा सेकंद मिळतात. त्याहून वेगवान डाव तीन किंवा पाच मिनिटांचे आणि अगदी एका मिनिटाचेही असतात. पडद्यावर खेळले जाणारे बहुतेक डाव या वेगवान जातीचे.

२०२० साली करोनाच्या साथीने जगभरच्या स्पर्धा बंद पडल्या, तेव्हा कार्लसनच्या नावाने ऑनलाइन स्पर्धा सुरू झाल्या. पहिल्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्याने अमेरिकेच्या हिकारू नाकामुराला हरवले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये या दोघांची गाठ पुन्हा पडली आणि ती झुंज सात दिवस चालली. निकाल लागला तो सातव्या दिवशी, अगदी शेवटच्या डावात, कार्लसनच्या बाजूने.

त्याच्या खेळाची तऱ्हा थोडक्यात सांगतो. सुरुवातीच्या चालींची लांबलचक घोकंपट्टी करून प्रतिस्पर्ध्याला पहिल्या वीस चालींत लोळवावे, असा त्याचा खटाटोप नसतो. साधी, प्रसंगी आडवळणाची सुरुवात करून तो अशी स्थिती आणतो, की जिथे दोघांनाही स्वतःच्या डोक्याने खेळावे लागते. मग एखाद्या प्याद्याचा, एखाद्या चांगल्या घराचा बारीकसा फायदा पकडून तो दाब देत राहतो. समोरच्याला वाटते, आता बरोबरीच होणार. आणि तिथेच त्याचा पाय घसरतो. दुबईत डिसेंबर २०२१ मध्ये रशियाच्या इयान नेपोम्नियाचीविरुद्धचा सहावा डाव त्याने असाच १३६ चालींनंतर जिंकला. जगज्जेतेपदाच्या लढतीतला तो सर्वांत लांब डाव ठरला.

तुम्ही म्हणाल, एवढा चिवटपणे खेळणारा माणूस तीन मिनिटांच्या डावात कसा काय टिकतो? तीन मिनिटांत विचार तरी कधी करतो? इथेच खरी मेख आहे. शिक्षकांनी इकडे जरा लक्ष द्यावे.

अमेरिकेत १९७३ साली चेस आणि सायमन या दोघा संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. खऱ्या डावातला पट खेळाडूंना पाच सेकंद दाखवायचा, मग झाकायचा, आणि तो आठवून मांडायला सांगायचे. पटाईत खेळाडूंनी बरीचशी मोहरी जागच्या जागी मांडली. नवशिक्यांना चारदोनच जमली. मग तीच मोहरी पटावर वाटेल तशी विखरून ठेवली. आता मात्र पटाईताची मिजास गेली, तोही जवळजवळ नवशिक्याइतकाच राहिला. म्हणजे त्याची स्मरणशक्ती अफाट होती असे नव्हे. खऱ्या डावांतल्या रचना त्याच्या ओळखीच्या होत्या, एवढेच.

पहिलीतले मूल 'क', 'म', 'ळ' अशी अक्षरे लावून वाचते. आपण 'कमळ' एका दृष्टिक्षेपात वाचतो. त्यात आपण विचार वेगाने करतो असे नाही. आपल्याला विचार करावाच लागत नाही. वेगवान डावात कार्लसन असाच पट वाचतो. त्याचा वेग हा वर्षानुवर्षांच्या संथ अभ्यासाचा आहे. कणगीत जे भरून ठेवले तेच मापाने बाहेर निघायचे. वेगवान डाव हे निव्वळ माप. कणगी भरते ती संथ डावाने, अभ्यासाने, आपलेच डाव पुन्हा तपासण्याने. ज्या मुलाची कणगी रिकामी, त्याने दिवसाला पन्नास डाव खेळले तरी मापात काही पडायचे नाही. उलट, न बघता चाल करायची सवय मात्र पक्की होईल.

आता या मोठ्या खेळाडूची दुसरी बाजू. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका ऑनलाइन स्पर्धेत चेन्नईच्या सोळा वर्षांच्या प्रज्ञानंदने काळी मोहरी घेऊन कार्लसनला ३९ चालींत हरवले. तीन महिन्यांनी, मे महिन्यात, दोघे पुन्हा समोरासमोर आले. डाव बरोबरीकडे झुकला होता. चाळिसाव्या चालीला कार्लसनने घोडा भलत्याच घरी नेला आणि डाव गेला. बरं, ही चूक काही खोल नव्हती. शांतपणे बसून खेळला असता तर ती त्याच्या हातून क्वचितच झाली असती. पण डाव आता संपल्यातच जमा आहे असे वाटले, की नजर सैल पडते. आणि वेगवान डावात नजर सैल पडली, की सावरायला वेळ नसतो.

पडद्यावर दिसलेला हा दोष प्रत्यक्ष पटावरही दिसला. जून २०२५ मध्ये नॉर्वेतील स्टॅव्हेंजर येथे कार्लसन आपल्या गुकेशविरुद्ध जिंकत आलेला होता. घड्याळात सेकंद उरले तशी त्याची पकड सुटली आणि तो हरला. संतापाने त्याने टेबलावर मूठ आपटली, मोहरी उडाली. मग लगेच त्याने गुकेशची माफी मागितली. तेव्हा त्याच्या खेळात सुधारणेला वाव कोठे आहे, असे कोणी विचारले तर उत्तर सरळ आहे: हाती आलेला डाव शेवटच्या मिनिटात सांभाळणे. जगातल्या सर्वांत बलाढ्य खेळाडूलाही हा धडा गिरवावा लागतो. मग आपल्या सातवीतल्या मुलाला गिरवावा लागला, तर त्यात कमीपणा कसला?

पडद्यावरच्या खेळात आणखी एक गोष्ट आहे, ती सचोटीची. १९९७ साली संगणकाने जगज्जेत्या कास्पारोवला हरवले. आज साध्या मोबाइलमधला कार्यक्रमही जगज्जेत्यापेक्षा सरस खेळतो. समोरचा माणूस आपल्याला दिसत नाही. त्याने शेजारी दुसरा मोबाइल ठेवून चाली विचारल्या तर आपल्याला काय कळणार? आपल्या मुलालाही तोच मोह होतो. अशा वेळी त्याला ही हकिकत सांगा. जुलै २०२० मध्ये चीनच्या डिंग लिरेनचे इंटरनेट डाव चालू असताना तुटले आणि तो डाव कार्लसनच्या नावावर लागला. पुढच्या डावात कार्लसनने सुरुवातीलाच आपला वजीर मुद्दाम देऊन टाकला आणि हार मानली. आयता मिळालेला गुण त्याने असा परत केला.

इंटरनेट तुटणे म्हणजे काय, हे खेड्यात वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०२० च्या ऑनलाइन ऑलिंपियाडमध्ये भारत आणि रशिया यांची अंतिम लढत चालू होती. तेव्हा केरळचा निहाल सरीन आणि नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुख यांचा संपर्क तुटला, घड्याळ चालत राहिले आणि दोघांचे डाव वेळेवर गेले. भारताने दाद मागितली आणि शेवटी सुवर्णपदक दोन्ही देशांना मिळाले. या मुलीने त्या दिवशी खेळाला रामराम ठोकला नाही. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत ती कोनेरू हंपीसमोर बसली. संथ डाव बरोबरीत सुटले, तेव्हा निकाल जलद डावांवर आला. ते दिव्याने जिंकले आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ती ग्रँडमास्टर झाली.

आता कामाचे बोलू. शाळेत किंवा घरात एकच मोबाइल असला तरी पुढचे चार नियम पाळता येतील.

पहिला नियम. डाव दहा मिनिटांपेक्षा कमी वेळेचा खेळू नये. पंधरा मिनिटांचा असेल तर उत्तम. दिवसाला दोन डाव पुरेत.

दुसरा. डावाला जितका वेळ लागला, तितकाच वेळ तो पुन्हा पाहायला द्यावा. मोबाइलमध्ये सगळ्या चाली नोंदलेल्या असतात. त्या पुठ्ठ्याच्या पटावर मुलांनी एकत्र बसून पुन्हा खेळाव्यात. मोबाइल तेव्हा बाजूला ठेवावा.

तिसरा. वहीत तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. समोरच्याने ही चाल का केली, हे मी कोणत्या चालीला विचारले नाही? सर्वांत जास्त वेळ कोठे गेला? आणि डाव हातात आल्यावर मी घाई केली का?

चौथा. संगणकाला शेवटी विचारावे. आधी स्वतःचे उत्तर, मग त्याचे. गुकेशचे गुरू विष्णु प्रसन्न यांनी त्याला सुरुवातीची बरीच वर्षे संगणकापासून दूरच ठेवले होते. तोच गुकेश डिसेंबर २०२४ मध्ये, अठराव्या वर्षी, जगज्जेता झाला.

आपला हरलेला डाव पुन्हा मांडणे मुलांना आवडत नाही. मोठ्यांनाही आवडत नाही. रशियाचा बोटविनिक १९५७ मध्ये स्मिस्लोवकडून आणि १९६० मध्ये तालकडून हरला. जगज्जेतेपद दोन वेळा गेले. दोन्ही वेळा वर्षभरात त्याने ते परत मिळवले. आपल्या डावांची कठोर तपासणी करण्याबद्दल तो प्रसिद्ध होता. शेतकऱ्याला हे पटेल. पीक का गेले, हे न शोधता जो तसेच बी पुन्हा पेरतो, त्याच्या हाती पुढच्या साली तरी काय लागणार?

तेव्हा पालकांना माझे सांगणे इतकेच. मुलाच्या हातातला मोबाइल पाहून लगेच हर्षही नको आणि संतापही नको. त्याला विचारा, "आज किती डाव खेळलास?" आणि पाठोपाठ विचारा, "त्यातला एक मला मांडून दाखव." त्याला मांडता आला, तर तो बुद्धिबळ खेळतो आहे असे समजा. मांडता आला नाही, तर तो नुसता मोबाइल खेळतो आहे. मग रागावू नका. पट काढा आणि त्याच्यासमोर बसा.