शाळेतील जुन्या सीडी : न वाजण्याची कारणे व उपाय

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



आपल्या अनेक शाळांच्या कपाटांत पूर्वी संगणकावर तयार केलेल्या सीडी पडून आहेत. एखादीत स्नेहसंमेलनातील बालगीते असतील, तर एखादीत गावच्या खडी गमतीतील शाहिराचा आवाज असेल. अशी सीडी एका यंत्रावर वाजली नाही, एवढ्यावरून ती निकामी ठरवू नये, हेच मला आज सांगावयाचे आहे.

कारखान्यात छापलेल्या सीडीवर सूक्ष्म खळगे असतात. संगणकावर लिहिलेल्या सीडी-आरमध्ये लेसरच्या उष्णतेने रंगद्रव्याच्या थरात खुणा उमटतात. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू तर छापील सीडीच्या मानाने फारच थोडा प्रकाश परत पाठविते. म्हणून कित्येक जुन्या प्लेअरांना ती वाचता येत नाही, संगणकास मात्र येते.

तपासणी पुढील क्रमाने करावी. प्रथम सीडी मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी. गोल फिरवून पुसू नये. दुसरी सीडी त्याच प्लेअरवर लावून दोष यंत्राचा नाही ना, हे पाहावे. नंतर ती संगणकात घालावी. आत एमपी३ फाइली आढळल्या, तर केवळ ऑडिओ सीडी वाचणारा जुना प्लेअर ती वाजविणार नाही, हे उघड आहे. लेखनाच्या शेवटी ‘फायनलाइज’ करावयाचे राहिले असल्यासही इतर यंत्रे तिला ओळखत नाहीत. अशा वेळी, शक्य तर, ज्या संगणकावर ती लिहिली त्यावरच प्रयत्न करावा.

कोठेही ती उघडली, की त्याच दिवशी तिची नक्कल संगणकावर व पेनड्राइव्हवर घ्यावी. जुन्या प्लेअरसाठी नवी सीडी करावयाची झाल्यास सीडी-आर घ्यावी, ‘ऑडिओ सीडी’ हाच प्रकार निवडावा, ८० मिनिटांची मर्यादा पाळावी, वेग मध्यम ठेवावा व शेवटी फायनलाइज करावे. वरच्या बाजूस बॉलपेनने लिहू नये. परावर्तक थर त्याच बाजूस, पातळ लेपाखाली असतो. कागदी चिठ्ठीही चिकटवू नये. तिने सीडीचा तोल जातो.

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. ऊन व उष्णता यांनी रंगद्रव्य बिघडते. सबब उन्हाळी सुटीपूर्वी प्रत्येक मुख्याध्यापकांनी कपाटातील सीडींची यादी करून त्या तपासाव्यात. त्यांतील कित्येक गाणारे आज हयात नाहीत; त्यांचा आवाज राखणे आपल्याच हाती आहे.