गेलेला दोष परत का येतो?

(परभणी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयुष्यभर मी अर्थशास्त्र शिकवले. ‘रिग्रेशन’ हा शब्द वर्गात हजारदा उच्चारला असेल. फळ्यावर ठिपके काढायचे, त्यांच्यामधून रेषा ओढायची आणि तिला प्रतिगमन-रेषा म्हणायचे. निवृत्तीनंतर एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळले की संगणकवाल्यांत या शब्दाचा अर्थ निराळाच आहे. काल नीट चाललेले काम किंवा एकदा दुरुस्त झालेला दोष पुढच्या एखाद्या फेरफारात नकळत पुन्हा बिघडला, की त्याला ते रिग्रेशन म्हणतात.

हे ऐकून मला एक जुनी खतावणी आठवली. एका पतपुरवठा संस्थेचे दप्तर मी काही वर्षे विनामूल्य तपासत असे. संस्थेचे नाव सांगत नाही. व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये, ही दामदुपटीची मर्यादा तिथे काही खात्यांत ओलांडली गेली होती. शेतकऱ्यांनी आवाज उठवला, हिशेब सुधारला गेला आणि समासात तांबड्या शाईने तसा शेरा पडला. पुढे नवी खतावणी आली. कारकुनाने सगळे आकडे सुबक अक्षरात उतरवले, समास मात्र कोरा ठेवला. पुढच्या तपासणीत तीच चूक, तीच खाती! कारकून प्रामाणिक होता. तो शेरा कशासाठी आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते, इतकेच.

आता ज्या साधनाविषयी बोलायचे ते ‘ओपनएसएसएच’. दूरच्या संगणकाला आज्ञा टंकून काम सांगण्याचे हे साधन आहे. त्यात चित्रे नाहीत, बटणे नाहीत; आज्ञेची एक ओळ लिहायची आणि उत्तराची वाट पाहायची. 1995 साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातील टाटू इल्योनेन यांनी मूळ साधन रचले. पुढे त्याच्या वापरावर अटी वाढत गेल्या, तेव्हा ‘ओपनबीएसडी’च्या मंडळींनी जुनी, मोकळी आवृत्ती हाती घेतली आणि 1999 मध्ये सर्वांना खुले असे नवे साधन दिले. जगातील असंख्य संगणकांची राखण आज याच दारातून चालते.

या दारावर एक गजर आहे. आत येऊ पाहणाऱ्याने ठरावीक वेळात, साधारणतः 120 सेकंदांत, ओळख पटवली नाही की तो वाजतो. चालू काम आहे तिथे थांबते आणि ‘वेळ संपली’ अशी नोंद करण्याचे काम मध्येच घुसते. दोष इथेच होता. कोठारात पोती मोजत असलेल्या माणसाला अर्ध्यावर उठवून त्याच वहीत दुसरी नोंद करायला लावावी, तसा हा प्रकार. स्मृतीचा हिशेब विस्कटतो आणि त्या फटीतून परका मनुष्य संगणकाचा संपूर्ण ताबा घेऊ शकतो. मार्क डाउड यांनी हा दोष दाखवला आणि 2006 मध्येच 4.4 या आवृत्तीत तो बुजवला गेला.

ऑक्टोबर 2020 मध्ये नोंदी करण्याची सगळी व्यवस्था नव्याने लिहिली गेली. त्या साफसफाईत, गजराच्या वेळी असुरक्षित नोंद होऊ न देणारी एक अट गळाली. मार्च 2021 च्या 8.5 आवृत्तीबरोबर जुना दोष जगभर पसरला. तो उघड झाला 1 जुलै 2024 रोजी. क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी तो शोधला (तिचे मोठे कार्यालय आपल्या पुण्यात आहे), आणि त्याच दिवशी दुरुस्त केलेली 9.8 ही आवृत्ती निघाली. बाहेरून दिसणारे व धोक्यात असू शकतील असे संगणक 1 कोटी 40 लाखांहून अधिक असल्याचा त्यांचा अंदाज होता.

चाचण्या नव्हत्या काय? होत्या. या साधनाच्या मूळ मजकुरात ‘रिग्रेस’ नावाचा चाचण्यांचा स्वतंत्र कप्पाच आहे. शिस्तही सर्वांना ठाऊक आहे: दुरुस्तीपूर्वी चाचणी लिहावी, ती नापास होताना डोळ्यांनी पाहावी, मग दोष काढावा, ती पास झालेली पाहावी आणि चाचणी कायमची ठेवून द्यावी. आधी नापास झालेली पाहिली नसेल तर नंतरच्या पास होण्याला कवडीची किंमत नाही. पण हा दोष साधायला, संशोधकांच्याच हिशेबाने, सरासरी सुमारे 10,000 प्रयत्न लागत. एकदाच चालणारी चाचणी तो कसा पकडणार?

म्हणून 2024 ची दुरुस्ती मला महत्त्वाची वाटते. गळालेली अट पुन्हा बसवण्यावर ती थांबली नाही. गजर वाजताच त्या प्रक्रियेने फक्त एक खुणेचा आकडा देऊन बाहेर पडावे आणि नोंद दारावरच्या मूळ प्रक्रियेने करावी, अशी कामाची वाटणीच बदलली. जिथे चाचणी पुरत नाही, तिथे चुकीला जागाच ठेवायची नाही! खुद्द ओपनबीएसडीवर तर हा धोका नव्हताच, कारण नोंद करण्याची सुरक्षित रीत त्यांनी 2001 सालीच बनवली होती.

अट गाळणाऱ्याला मी दोष देणार नाही. दोष द्यायचा तर फुकट वापरणाऱ्या श्रीमंतांना द्यावा. 2014 मध्ये ‘ओपनएसएसएल’ या दुसऱ्या खुल्या साधनात मोठे भगदाड सापडले, तेव्हा कळले की त्याला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या जेमतेम 2,000 डॉलरच्या होत्या. नव्या सोयीचे कौतुक होते. चाचणी लिहिणाऱ्याला हार कोण घालणार?

इथल्या महाविद्यालयांतली मुले हे काम करू शकतात, आणि काही चाचण्या तर त्यांनीच लिहायला हव्यात. ‘परभणी’ हा शब्द घ्या. प्रचलित युनिकोड पद्धतीत साठवताना तो 15 बाइट घेतो. संगणकाच्या दृष्टीने त्यात 5 चिन्हे आहेत, कारण ‘णी’ची वेलांटी वेगळी मोजली जाते, आणि वाचणाऱ्याला दिसतात 4 अक्षरे. मजकूर मोजणारे, कापणारे किंवा अनुक्रमे लावणारे साधन केवळ इंग्रजी अक्षरांवर तपासले, तर या तीन आकड्यांमधला फरक कधी दिसणारच नाही. कॅल्गरीत किंवा हेलसिंकीत बसलेल्या सज्जनाला ही चाचणी सुचायची कशी?