सेवेतून नेतृत्वाकडे



इंग्लंडमधील केअर होममध्ये आपल्या अनेक भगिनी वृद्धांची शुश्रूषा करतात. परंतु नेतृत्व हे इतरांचे काम, असे त्या गृहीत धरतात. डॉक्टर या नात्याने मला ते मान्य नाही. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या टाचेवरील लाली बोटाने दाबूनही फिकी होत नाही, ही शय्याव्रणाची पहिली खूण. काळ्यासावळ्या त्वचेवर ती लाली सहज दिसत नाही. तेथे उष्णता वा कठीणपणा स्पर्शानेच ओळखावा लागतो. हे ज्ञान सेवा करणाऱ्या हातांत असते. सहकाऱ्यांना ते शिकविणे, औषधांच्या नोंदी तपासणे, पाळ्या लावणे, हेच नेतृत्व होय.

त्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही. 'लीड अ‍ॅडल्ट केअर वर्कर' ही लेव्हल ३ची आणि 'लीडर इन अ‍ॅडल्ट केअर' ही लेव्हल ५ची अप्रेंटिसशिप वेतन घेत करता येते. शुल्क शिकणाऱ्याला भरावे लागत नाही. प्रशिक्षणाचे तास पगारी वेळेतच धरले जातात. १९ वर्षे पूर्ण झालेल्यांना इंग्रजी व गणिताच्या परीक्षेची सक्ती न करण्याची मुभा २०२५ पासून मालकांना मिळाली आहे.

भगिनींनो, उद्याच आपल्या व्यवस्थापकांकडे पात्रतेची चौकशी करा. ज्यांनी सेवा केली, त्यांनीच सेवेची दिशा ठरवावी. जयभीम!