घरापर्यंतची तार



भारतातील ब्रॉडबँडच्या प्रसाराचा विचार करताना दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून पाहणे उद्‌बोधक ठरते. २०२४ साली देशातील ब्रॉडबँड ग्राहकांची संख्या नव्वद कोटींच्या पुढे गेली होती. त्यांपैकी तारेने येणारी, म्हणजे घरात वा कार्यालयात कायम बसविलेली जोडणी वापरणारे ग्राहक सुमारे चार कोटी होते. उरलेले जवळजवळ सारे मोबाइलचे. पहिला आकडा समारंभांतून वारंवार ऐकू येतो. दुसऱ्याचा उच्चार क्वचितच होतो. २०११ च्या जनगणनेत देशात २४ कोटी ६७ लाख कुटुंबे मोजली गेली होती आणि त्यानंतर ती वाढलीच आहेत. कार्यालयांच्या जोडण्या वगळल्या नाहीत तरी सहा घरांमागे एका घरीदेखील ही तार पोहोचलेली नाही, असा याचा अर्थ होतो.

मोबाइल असताना तारेची गरज काय, असा प्रश्न यावर विचारला जातो. मोबाइल व्यक्तीचा असतो, घरातील जोडणी कुटुंबाची असते. मोबाइल मालकाबरोबर सकाळी कामावर जातो. घरची जोडणी घरीच राहते. २०२० साली शाळा बंद होऊन वर्ग पडद्यावर भरू लागले, तेव्हा हा भेद पुस्तकी राहिला नाही. ज्या घरात एकच मोबाइल होता आणि तो वडिलांच्या खिशात होता, तेथील मुलांचा वर्ग वडिलांबरोबरच घराबाहेर पडत होता. इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्णय केरळच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्येच, म्हणजे या संकटाच्या आदल्या वर्षी, दिला होता.

सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट भारतात सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या द्वारा. दूरध्वनीवरून क्रमांक फिरवायचा, मोडेमची किरकिर ऐकत थांबायचे आणि तोवर घरातील दूरध्वनी अडकून पडायचा, अशी ती व्यवस्था होती. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने प्रतिसेकंद २५६ किलोबिट ही किमान गती ठरविली व जोडणी सदैव चालू राहणारी असावी असे म्हटले. आज ही गती हास्यास्पद वाटेल. २०२३ मध्ये किमान गतीची व्याख्या दोन मेगाबिटपर्यंत वाढवावी लागली. परंतु त्या काळी ती मोठीच झेप होती. प्रतिसेकंद ९.६ किलोबिटच्या जुन्या मोडेमवर जे गाणे उतरवून घेण्यास तासाहून अधिक वेळ लागावा, ते आता तीन मिनिटांच्या आत येऊ लागले.

ही सेवा जुन्या तांब्याच्या तारेवरूनच देण्यात आली. मानवी आवाजाला त्या तारेच्या क्षमतेचा अगदी खालचा, लहानसा भाग पुरतो. वरच्या मोकळ्या भागातून इंटरनेटचे संदेश पाठविता येतात. युक्ती मोठी कल्पक, पण दूरध्वनी केंद्रापासून घर चारपाच किलोमीटरवर असले की संदेश क्षीण होतो. शिवाय जोडलेली तार धड असावी लागते. २०१० अखेर दोन कोटी ब्रॉडबँड ग्राहकांचे उद्दिष्ट होते; प्रत्यक्षात ते सुमारे एक कोटी दहा लाख झाले. तारा मुख्यतः भारत संचार निगम व महानगर टेलिफोन निगम या दोन सरकारी कंपन्यांच्या हाती होत्या. त्या इतर कंपन्यांना भाड्याने खुल्या कराव्यात ही नियामक प्राधिकरणाची शिफारस सरकारने बंधनकारक केली नाही, परस्पर करारांवर सोडून दिली. करार व्हावेत अशी कोणाची विशेष निकड नव्हती. त्याच वर्षांत लोक घरचा दूरध्वनी परत करू लागले. २००६ च्या सुमारास सुमारे पाच कोटी असलेले हे दूरध्वनी पुढे वर्षानुवर्षे घटत गेले. ज्या तारेवर सारी भिस्त होती, तीच घरातून निघून जात होती.

मग घरापर्यंत तार नेली कोणी? धोरणकर्त्यांनी फारसे विचारात न घेतलेल्या एका माणसाने – गल्लीतल्या केबलवाल्याने. दूरचित्रवाणीची केबल गच्चीवरून गच्चीवर नेणारा हा इसम मोठ्या कंपनीकडून घाऊक इंटरनेट घेऊन तेच घरोघर वाटू लागला. त्याचे काम ओबडधोबड होते, झाडांच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या त्याच्या तारा शहराच्या सौंदर्यात भर घालीत नव्हत्या. परंतु तार तुटली की तो संध्याकाळपर्यंत शिडी घेऊन येत असे. नागरी भारतातील घरगुती ब्रॉडबँडच्या वाढीचे बरेचसे श्रेय या शिडीला द्यावे लागेल. २०१९ पासून मोठ्या खाजगी कंपन्यांनी काचेचा तंतू, म्हणजे ऑप्टिकल फायबर, घराघरांत नेण्याचा धडाका लावला आणि २०२० च्या आरंभी दोन कोटींच्या आत असलेली तारेच्या ग्राहकांची संख्या चार वर्षांत दुप्पट झाली.

खेड्यांची कथा वेगळी आहे. अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेस ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली. पुढे तिलाच भारतनेट हे नाव मिळाले. तालुक्यापासून पंचायतीपर्यंत तंतू टाकावयाचा आणि तेथून पुढे घरोघर नेण्याचे काम इतरांनी करावे, अशी तिची मूळ कल्पना. हे इतर कोण, हे मात्र मोघमच राहिले. तंतू एका सरळ रेषेत टाकलेले असल्याने रस्तारुंदीच्या यंत्राने एके ठिकाणी घाव घातला की पलीकडील सारी गावे मुकी होत. पंचायत कार्यालयात पेटी भिंतीवर आहे, पण तिला वीज नाही किंवा खोलीला कुलूप आहे, हेही चित्र अपरिचित नव्हते.

आंध्र प्रदेशाने वेगळी वाट धरली. जमीन खणण्याऐवजी विजेच्या खांबांवरूनच फायबर नेला, स्थानिक केबलचालकांना त्यात सामील करून घेतले आणि दरमहा १४९ रुपयांपासून जोडणी देऊ केली. केरळनेही २०२३ मध्ये सुरू केलेल्या आपल्या जाळ्यासाठी विद्युत मंडळाच्या खांबांचाच आधार घेतला. वीस लाख गरीब कुटुंबांना ती विनामूल्य द्यावयाची हा संकल्प होता. खांब दारासमोर असतो, यात त्याची उपयुक्तता आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित भारतनेटसाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. यात तंतूंची रचना कड्यासारखी आहे, म्हणजे एका बाजूने तुटले तरी दुसऱ्या बाजूने संदेश जात राहतो. दीड कोटी ग्रामीण घरांना जोडण्याचे उद्दिष्ट प्रथमच नि:संदिग्ध शब्दांत मांडले गेले, आणि पंचायतीपासून घरापर्यंतचे काम व तेथील देखभाल गावातीलच उद्योजकावर सोपविण्याचे ठरले. शहरात केबलवाल्याने आपण होऊन केले ते आता खेड्यात योजनेने घडवावयाचे आहे. मात्र शहरात एका गल्लीत शंभर ग्राहक मिळत; खेड्यात वीसपंचवीस घरांच्या वर्गणीवर एका माणसाचा चरितार्थ चालणार नाही. त्याच्याजवळ तुटलेला तंतू सांधण्याचे महागडे यंत्र असेल का, हेही पाहावे लागेल. आणि विजेचा प्रश्न राहतोच. जुना दूरध्वनी केंद्राकडून येणाऱ्या विजेवर चालत असे, म्हणून दिवे गेले तरी तो बोलत असे. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. घरातील दिवा विझला की ही जोडणीही विझते.