घरचं चालतं, वृद्धाश्रमात का नाही?
(ग्रामसंघाच्या मासिक सभेतील मांडणी)



आपल्यातले काही गट वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकाचं काम घेऊ पाहतायत. चव तुमच्या हाताला आहेच, ती मी काय शिकवणार? मी फक्त स्वच्छतेचं बोलते.

रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन आपण सगळेच खातो. "गरम केलं की जंतू मेले," असं तुम्ही म्हणाल. पण भातातला एक जंतू असा आहे, की त्याची बीजं शिजवूनही जगतात. भात तासन् तास बाहेर राहिला की ते जंतू वाढतात, विष तयार करतात. ते विष फोडणीनं जात नाही. आपलं एखाद्या उलटीवर भागतं. पण ८० वर्षांच्या आजींची प्रतिकारशक्ती कमी, तहानही लवकर कळत नाही. दोन-चार जुलाबांतच अंगातलं पाणी कमी होऊन जिवावर बेतू शकतं.

मग करायचं काय?

जंतू ५ ते ६० अंश सेल्सिअसमध्ये झपाट्यानं वाढतात. म्हणून जेवण वाफाळतं ठेवा, नाहीतर शिजल्यापासून २ तासांत वाढून मोकळं व्हा. उरलेला भात दुसऱ्या दिवशी वाढायचा नाही. टाकताना जीव तुटतो, म्हणून आधी ताटं मोजा, मग तांदूळ मोजा.

दात नसलेल्यांचं जेवण मिक्सरमधून काढावं लागतं. पात्याखाली अन्न अडकतं. दरवेळी भांडं खोलून साबणानं घासा.

ओट्याचं फडकं वेगळं, ताटांचं वेगळं. रोज उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवा. हात साबणानं २० सेकंद चोळून धुवा.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. जिला जुलाब-उलट्या होतायत, तिनं त्या थांबल्यावरही ४८ तास स्वयंपाकाला हात लावायचा नाही. पण खाडा पडला की मजुरी बुडते, म्हणून बाई दुखणं लपवते आणि कामावर येते. तिला दोष देऊन उपयोग नाही. काम घेण्याआधीच गटात ठराव करा: आजारपणाच्या दिवसांची मजुरी कापायची नाही, बदली कोण येणार तेही ठरलेलं असेल. ठराव इतिवृत्तात लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या.

साबण विकत मिळतो, ताई. पण "मला बरं नाही" हे न घाबरता सांगता येणं, हे गटानंच द्यायचं असतं.