हात आवरायला शिकवणारं रोप



फौजेत असताना काही वर्षं राजस्थानच्या वाळवंटात काढली. एक बाटली पाणी दिवसभर कसं पुरवायचं, हे मी जवानांना शिकवायचो. निवृत्तीनंतर इंदूरला गॅलरीत कुंड्या मांडल्या आणि सुपारीएवढ्या एका रोपाने मलाच नापास केलं. त्याचं नाव लिथॉप्स.

ग्रीक शब्दांवरून आलेल्या या नावाचा अर्थ, दगडासारखं दिसणारं. त्याचं घर दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या कोरड्या माळांवर. १८११ मध्ये विल्यम बर्चेल या संशोधकाने तिथे एक विचित्र गोटा म्हणून उचलला, तर ते निघालं रोप!

दोन जाड पानं, मध्ये एक चीर. बाकी अंग जमिनीत. मोर्चात बसलेल्या जवानासारखा फक्त माथा वर, तोही आजूबाजूच्या खड्यांच्या रंगाचा. माथ्यावरच्या अर्धपारदर्शक खिडक्यांतून ऊन आत उतरतं आणि जमिनीखालचा हिरवा भाग अन्न तयार करतो.

माझी चूक ऐका. पानं सुरकुतायला लागली. वाटलं, तहानलंय. रोज पाणी घातलं. आठ दिवसांत रोप कुजलं. नंतर कळलं, त्या चिरेत नवी जोडी वाढत होती. जुनी पानं आपलं पाणी तिला देतात आणि कागदासारखी वाळून जातात. रसद आतूनच चालू होती. मी उगाच मध्ये पडलो.

आता माझा नियम सोपा आहे. कुंडीत माती कमी, बारीक खडे जास्त. जुनी जोडी पूर्ण वाळेपर्यंत पाणी बंद. पावसाळ्यात कुंडी छपराखाली. शंका आली, तर पाणी नाही.

आणखी एक. लिथॉप्सचा चुलतभाऊ कोनोफायटम. दक्षिण आफ्रिकेत शौकिनांच्या बाजारासाठी ही रोपं माळावरून उपटून चोरली जातात. काही जाती एखाद-दुसऱ्या टेकडीवरच उगवतात. ती टेकडी रिकामी झाली, की जात संपली. म्हणून विकत घेताना विचारा, रोप बियांपासून वाढवलंय का? नीट उत्तर मिळालं नाही, तर घेऊ नका.

माझं पहिलं रोप मी मायेनेच मारलं. दुसऱ्याला दर शरद ऋतूत पिवळं फूल येतं, कारण मी हात आवरायला शिकलो.

जय हिंद.