शिक्षकाची चौकशी आणि आपली चौकशी

(झालाना, जयपूर येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



रेल्वे आणि टपाल कामगारांच्या सभेत शिक्षकांच्या शिस्तभंगाचा विषय कशाला, असे काही सहकाऱ्यांनी विचारले. कारण सरळ आहे. आपली मुले शिक्षकांच्या हाती असतात. आणि चार्जशीट म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? शिवाय आपण जयपुरात जमलो आहोत. २००२ पर्यंत हा विभाग पश्चिम रेल्वेत, म्हणजे चर्चगेटच्या कारभाराखाली होता. तेव्हा गाव आपल्याला परके नाही. आणि खासगी शाळांतील नोकरीबाबतचा अलीकडचा एक महत्त्वाचा निकाल याच राज्यातल्या प्रकरणात लागला आहे.

राजस्थानात बिगरसरकारी शिक्षणसंस्थांचा १९८९ चा कायदा आहे. त्याचे कलम १८ सांगते की, कर्मचाऱ्याला काढण्यापूर्वी त्याला आपले म्हणणे मांडू द्यावे आणि अंतिम आदेशाआधी शिक्षण संचालकांची संमती घ्यावी. एका संस्थेने चौकशी केली, कर्मचाऱ्याला घरी बसवले, पण संमती घेतली नाही. रीतसर चौकशी झाल्यावर संमती कशाला, असा तिचा युक्तिवाद. न्यायाधिकरणाने कर्मचाऱ्याची बाजू उचलून धरली, उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने संस्थेची. शेवटी जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, चौकशी झाली असली तरी संमती हवीच.

याच कलमात एक अपवाद आहे. संधी देणे व्यवहार्य नसेल तर चौकशीशिवाय काढता येते; पण त्यासाठीही संचालकांची लेखी संमती आधी लागते. रेल्वेच्या बांधवांना इथे १९६८ च्या शिस्त व अपील नियमांतला नियम १४(२) आठवला असेल. मे १९७४ च्या संपात याच नियमाने कितीतरी जणांना चौकशीविना बडतर्फ केले गेले. आपल्याकडे चौकशी व्यवहार्य नाही हे साहेबच ठरवतात आणि साहेबच लिहितात. बाहेरचा माणूस मध्ये नाही. तुलसीराम पटेल प्रकरणात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद उचलून धरली. तेव्हापासून दाद मागायची ती कारवाई झाल्यावर.

आता महाराष्ट्राकडे वळू. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना १९६४ चे वेगळे नियम आहेत, त्यांत आज शिरत नाही. खासगी शाळांसाठी १९७७ चा सेवाशर्ती कायदा आहे. तो १५ जुलै १९८१ पासून अमलात आला आणि त्याचे नियमही त्याच वर्षीचे. शिक्षकाला काढायची कारणे चार: गैरवर्तन, नैतिक अधःपतन, कर्तव्यात जाणूनबुजून व सतत कसूर, आणि अकार्यक्षमता. विद्यार्थ्याशी असभ्य वागणे या यादीत आहे आणि नेमून दिलेला अभ्यासक्रम वेळेत न संपवणे हेही त्याच यादीत आहे! म्हणजे संस्थाचालकाच्या मर्जीतून उतरलेल्या शिक्षकावर ठेवायला कलम सापडत नाही, असे होत नाही. म्हणून चौकशीला कोण बसतो, हाच खरा प्रश्न.

इथे मात्र महाराष्ट्राच्या नियमांनी आपल्याला हेवा वाटावा अशी सोय केली आहे. चौकशी समिती तिघांची असते. एक व्यवस्थापनाचा, एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादीतून घेतलेला आणि तिसरा खुद्द आरोप असलेल्या शिक्षकाने नेमलेला. आपला डिफेन्स हेल्पर शेजारी बसतो, उलटतपासणी घेतो, पण निष्कर्ष लिहिताना तो खोलीबाहेर असतो. शिक्षकाने नेमलेला सदस्य निर्णयाला बसतो. तो एकटा पडला तरी त्याला आपले वेगळे मत कागदावर ठेवता येते, आणि पुढे अपिलात ते उपयोगी पडते. निलंबनालाही चार महिन्यांची मर्यादा आहे. पुढे न्यायचे तर वरिष्ठांची परवानगी लागते. ‘पुट ऑफ’ झालेला आपला ग्रामीण डाकसेवक सानुग्रह म्हणून भत्त्याचा काही भाग घेऊन किती दिवस काढतो, ते त्याच्या घरच्यांना विचारा. अतिरिक्त विभागीय कर्मचाऱ्याचे पद हे मुलकी पद आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच मान्य केले होते.

एवढे संरक्षण मागितले की पालक विचारतात, मुलांचे काय? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोन्हींना बंदी घातली आणि दोषीवर शिस्तभंगाची कारवाई सांगितली. ‘छडी लागे छमछम’चे दिवस गेले, हे आपल्यातल्या जुन्या मंडळींनीही मान्य करावे. बदलापूरला २० ऑगस्ट २०२४ रोजी काय झाले, हे मध्य रेल्वेच्या माणसांना सांगायला नको. शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार होती. आरोपी शिक्षक नव्हता, शाळेतला सफाई कर्मचारी होता. तक्रारीची दखल वेळेवर घेतली गेली नाही म्हणून लोक रुळांवर बसले आणि कित्येक तास लोकल अडकल्या. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे असा गुन्हा कळूनही पोलिसांना न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. तरीही शाळेची अब्रू पुढे केली जाते. त्या प्रकरणातला आरोपी खटला चालण्याआधीच, सप्टेंबर २०२४ मध्ये, पोलिसांच्या गोळीने मेला. कोर्टात काय सिद्ध झाले असते, ते त्या मुलींच्या आईबापांना आता कधीच कळणार नाही.

आमची भूमिका यातूनच ठरते. मुलावर हात टाकणाऱ्याला वाचवायला संघटनेने वकिली करू नये. मात्र त्याची चौकशी नियमाने आणि वेळेत व्हावी, हा आग्रह सोडू नये. घाईत उरकलेली चौकशी अपिलात कोसळते आणि दोषी माणूस मागच्या पगारासह पुन्हा वर्गात उभा राहतो. असे झाले तर त्याचे श्रेय शिक्षकाच्या वकिलाला नव्हे, आळशी व्यवस्थापनाला द्यावे लागेल.

शेवटी टपालाच्या बांधवांसाठी एक गोष्ट. शिक्षकाला पाठवलेले आरोपपत्र आणि बडतर्फीचा हुकूम बहुधा पोस्टानेच येतो. २०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले, तरी पोस्टमनच्या शेऱ्याचे वजन तेच आहे. ‘घेण्यास नकार’ असा शेरा असला की पत्र मिळाले, असेच न्यायालय सहसा धरून चालते. मग शिक्षक हजर नसताना चौकशी पुढे सरकते. महाराष्ट्रात शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करायला, हुकूम मिळाल्यापासून, फक्त ३० दिवस असतात. गावात संस्थाचालक बडा असतो, बीटचा पोस्टमन त्याला रोज भेटतो आणि ‘घरी कोणी नव्हते’च्या जागी ‘नकार’ लिहायला सांगणे फार सोपे असते. असे कोणी सांगितले तर दारावर जे घडले तेच लिहा, तारीख घाला आणि शाखेच्या चिटणीसाला त्याच दिवशी कळवा.